रोजची धास्ती हलकी करणारे साधे उपाय: तुमच्याकडे कोणता टिकला?

आडवाट

दंतवैद्यांनी हातातला आरसा माझ्यासमोर धरला आणि विचारले, “झोपेत दात खाता, हे तुम्हाला ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते. खालच्या दोन दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी स्वतःवर जरा लक्ष ठेवले, तेव्हा दिवसाढवळ्या एखादे साधे पत्र टंकतानाही माझा जबडा आवळलेला, खांदे कानांपर्यंत चढलेले आणि श्वास अर्ध्यावर अडकलेला असतो, असे आढळून आले.

माझ्यावर कोणतेही मोठे संकट आलेले नाही. काम ठीक चालले आहे, घरची माणसे बरी आहेत. तरीही अवेळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. वरिष्ठांकडून “जरा बोलायचे होते” एवढाच निरोप आला, तर ते बोलणे होईपर्यंत मी त्या तीन शब्दांचे दहा अर्थ लावून मोकळा होतो, आणि त्यांतला एकही चांगला नसतो. रात्री कुलूप लावल्यावर अंथरुणातून उठून ते पुन्हा एकदा ओढून पाहतो.

डॉक्टरांना दाखवून झाले आहे. त्यांनी सात प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. मागील दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ असे गुण द्यायचे असतात आणि एकूण गुण २१ असतात. माझे ८ आले. हे सौम्य आहे, आकडा १० किंवा त्याच्या पुढे गेला तर अधिक खोलात जाऊन पाहू, तूर्त औषधाची गरज नाही, दिनक्रमात काय बदलता येते ते पाहा, असे त्यांनी सांगितले. म्हणून हा धागा काढत आहे.

विनंती एवढीच की, जे आपण स्वतः निदान दोन-तीन महिने केले आहे तेच लिहावे. उपाय कसा लागू पडतो हे ठाऊक असल्यास तेही लिहावे, कारण कारण कळल्याशिवाय माझ्याकडून कोणतीही गोष्ट आठवड्यापलीकडे टिकत नाही. फसलेले प्रयोगही सांगावेत. “सकारात्मक विचार करा” हा सल्ला मला आजवर पुष्कळदा मिळाला आहे. तो पुन्हा दिला नाही तरी चालेल.

कानामात्रा

आपले वर्णन वाचून आरशात पाहिल्यासारखे वाटले. माझ्याकडे टिकलेला उपाय श्वासाचा आहे, परंतु तो लोक सांगतात तसा “खोल श्वास घ्या” या प्रकारचा नाही.

वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये ‘लढा किंवा पळा’ या प्रतिक्रियेची मांडणी केली. समोर धोका दिसला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटते, हृदय जोरात धावू लागते, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते. आपल्या पोटातला गोळा तो हाच. अडचण अशी की, अंगावर धावून येणारे जनावर आणि “जरा बोलायचे होते” हा निरोप यांत ही यंत्रणा फारसा भेद करत नाही. आपण म्हटले म्हणून हृदयाचे ठोके कमी होत नाहीत, आतडी आपले ऐकत नाहीत. या सगळ्या कारभारात आपल्या हाती राहिलेली एकच दोरी म्हणजे श्वास, कारण तो आपोआपही चालतो आणि ठरवूनही चालवता येतो.

श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित कमी होते. मनगटावरील नाडीवर बोट ठेवून शांत बसलात, तर पुष्कळांना हा फरक स्वतःला जाणवतो. सोडतानाचा हा संथपणा मुख्यतः व्हेगस नावाच्या लांब चेतातंतूमार्फत येतो. म्हणून उच्छ्वास लांबवणे हे या उपायाचे मर्म आहे. मी चार आकडे मोजत नाकाने श्वास घेतो आणि सहा आकडे मोजत सोडतो. असे केल्यास मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. सकाळी पाच मिनिटे आणि दुपारी कामाच्या जागेवरच पाच मिनिटे. शेजारी बसणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरा प्रकार सुस्काऱ्याचा. नाकाने एक श्वास घ्यायचा, तो पुरा होताच त्यावर आणखी एक छोटा श्वास चढवायचा आणि मग तोंडाने सावकाश सारी हवा जाऊ द्यायची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटे हा प्रकार केला, तर काहींनी श्वासाचे इतर प्रकार किंवा ध्यान केले. चिंता सर्वच गटांत कमी झाली. मनाची उभारी मात्र सुस्काऱ्यांच्या गटात ध्यानाच्या गटापेक्षा अधिक वाढली. एवढ्यावरून सुस्कारा हा रामबाण ठरत नाही, पण पाच मिनिटांत होणाऱ्या आणि फुकट असणाऱ्या गोष्टीकडून मी याहून अधिक अपेक्षाही ठेवत नाही.

ओलावा

मी श्वासाचा प्रयोग केला आणि तो माझ्यावरच उलटला. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की मला छातीतील धडधड अधिकच ऐकू येऊ लागे, बोटांना मुंग्या येत, ओठ बधिर झाल्यासारखे वाटत, आणि आता खरोखरच काहीतरी होणार अशी खात्री पटे. तीन आठवडे नेटाने केले. मग एवढी सोपी गोष्टही आपल्याला जमत नाही, ही एक नवी काळजी पदरात पडली. ज्यांना हे लागू पडते त्यांच्याविषयी आदर आहे, पण हा सर्वांसाठीचा उपाय आहे असे कृपया कोणी म्हणू नये.

कानामात्रा

ओलावा, आपली तक्रार अगदी रास्त आहे आणि मी ती आधीच नोंदवायला हवी होती. आराम मिळावा म्हणून केलेल्या गोष्टीनेच धास्ती वाढणे, हा काही लोकांच्या बाबतीत घडणारा परिचित प्रकार आहे. मुंग्या आणि बधिरपणा यांचे कारण बहुधा असे असावे की आपण श्वास खोल आणि भराभर घेत होतात. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर केली की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळेच बोटे व ओठ मुंग्यावतात, डोके हलके होते. म्हणजे हवा कमी पडत नसते, जास्त होत असते. म्हणूनच मी ‘खोल’ हा शब्द टाळतो आणि ‘सावकाश’ म्हणतो. श्वास लहानच असू द्यावा, पोटावर ठेवलेला हात जेमतेम वर उचलला जावा, डोळे उघडे ठेवावेत.

तरीही जमत नसेल, तर सोडून द्यावे. आतल्या हालचालींकडे लक्ष दिल्याने घालमेल वाढणाऱ्यांनी लक्ष बाहेर न्यावे, हे उत्तम. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास आणि एक चव, असे मनातल्या मनात मोजत जाण्याची एक पद्धत आहे. पोरखेळ वाटतो, पण ऐन गडबडीत पोरखेळच आठवतो.

उंबरठा

सर्वांत आधी चहा-कॉफीचा हिशेब मांडावा, असे मी सुचवीन. मी दोन वर्षे मनाची कारणे शोधत होतो आणि उत्तर कपात होते.

कॅफीन मेंदूतील अ‍ॅडेनोसिन या द्रव्याची जागा अडवते. अ‍ॅडेनोसिनचे काम दिवसभराचा थकवा जाणवून देण्याचे असते. तो निरोप अडला की तरतरी येते, पण त्याबरोबर हात थरथरणे, धडधड आणि अस्वस्थताही येते, जी चिंतेहून वेगळी ओळखताच येत नाही. निरोगी प्रौढाच्या रक्तातील कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला घेतलेल्या कॉफीतील निम्मा ऐवज रात्री नऊलाही शरीरात असतो. गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा काळ आणखी लांबतो. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सामान्यतः सुरक्षित मानले जाते, पण ही मर्यादा सर्वसाधारण माणसाची आहे. काहींना त्याच्या चतुर्थांशानेही हुरहूर लागते आणि मी त्यांतलाच निघालो.

एक चूक मी केली ती आपण करू नये. एका सोमवारी निश्चय करून सर्व एकदम बंद केले आणि मंगळवारी डोके असे धरले की बुधवारी दुप्पट प्यायलो. अचानक सोडल्यास डोकेदुखी, चिडचिड आणि मरगळ आठवडाभरही राहू शकते. दर चार-पाच दिवसांनी अर्धा कप कमी करावा आणि दुपारनंतर घेऊ नये. महिन्याभरात माझी सकाळची धडधड जवळजवळ गेली. बाकीची चिंता गेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण उरलेली किती खरी आहे हे तरी कळले.

रफवही

माझा उपाय कागदाचा आहे आणि तो मी गेली चार वर्षे पाळते आहे. त्याला आमच्या घरात ‘काळजीची वेळ’ म्हणतात, आणि त्या वेळेत कोणी मला हाक मारत नाही.

टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या पद्धतीवर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे होते की, माणूस अंथरुणात, प्रवासात, जेवताना, कुठेही काळजी करत बसला की त्या प्रत्येक जागेचे काळजीशी नाते जुळते. पुढे ती जागा दिसली तरी मन चक्र सुरू करते. म्हणून काळजीला एकच जागा आणि एकच वेळ नेमून द्यावी, दिवसभरात आलेली चिंता त्या वेळेपर्यंत पुढे ढकलावी, आणि वेळ झाली की तिथे बसून मनसोक्त काळजी करावी. मूळ पद्धतीत अर्धा तास होता. मला वीस मिनिटे पुरतात.

प्रत्यक्षात मी असे करते. खिशात एक मोठ्या नाण्याएवढ्या रुंदीची चिठ्ठ्यांची गड्डी असते. दिवसा मनात काही आले की त्यावर तीन-चार शब्द लिहिते: “अहवालातली चूक”, “डोळ्यांची तपासणी”, “ती रागावली असेल का”. तेवढेच, विचार तिथे करायचा नाही. संध्याकाळी साडेसहाला स्वयंपाकघरातील नव्हे, झोपण्याच्या खोलीतील तर नव्हेच नव्हे, तर जिन्याजवळच्या एका अवघडलेल्या खुर्चीवर बसते. खुर्ची मुद्दाम अवघडलेली निवडली आहे, तिथे वीस मिनिटांपेक्षा अधिक बसवतच नाही. वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ ओढते. डावीकडे काळजी, उजवीकडे तिच्याबाबत उद्या करता येण्याजोगे एक काम. काम सुचले तर त्यासमोर वेळ लिहिते. काहीच करता येण्याजोगे नसेल, तर उजवी बाजू कोरी सोडते. सुरुवातीला ते कोरे रकाने मला फार टोचत असत.

पहिल्या आठवड्यात हे अजिबात जमले नाही, कारण पुढे ढकललेली काळजी दहा मिनिटांनी परत दार ठोठावत असे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून एक विचित्र गोष्ट घडू लागली. संध्याकाळी चिठ्ठ्या उघडल्या की त्यांतल्या निम्म्या वाचून मला त्यांचे काहीच वाटेना. “ती रागावली असेल का” यातली ती कोण, हेच एकदा आठवेना.

परवा चार वर्षांपूर्वीचे पहिले पान उघडून पाहिले. सात काळज्या होत्या आणि एक सोडून कोणतीही खरी ठरली नव्हती. त्याच महिन्यात आमच्या घरात जी खरी अडचण आली, ती मात्र त्या पानावर नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती, असे म्हणतात. माझे मन चिंतायचे खूप, पण नेमके चिंतायला हवे ते त्याला कधी साधले नाही.

तिठा

आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु मला एक आक्षेप नोंदवायचा आहे आणि तो जरा विस्ताराने मांडतो.

डॅनिअल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितले की पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्यानंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला नव्हता त्यांच्यापेक्षा यांच्या मनात तो अधिक आला. चिंता घालवण्यासाठी म्हणून केलेला प्रत्येक उपाय या सापळ्यात सापडू शकतो, कारण “गेली का?” हे पाहण्यासाठी तिच्याकडे पुन्हा पाहावेच लागते. ओलावा यांच्या श्वासाचे जे झाले त्याचे निम्मे कारण कार्बन डायऑक्साइड असेल, उरलेले निम्मे मला हे वाटते.

आडवाट यांनी कुलूप पुन्हा ओढून पाहण्याचा उल्लेख ओघात केला आहे. माझ्या मते मूळ लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. कुलूप ओढले की क्षणभर हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणे हीच त्या सवयीची मजुरी आहे. मेंदू शिकतो तो एवढेच की, ओढले म्हणून वाचलो. न ओढताही वाचलो असतो, हे शिकण्याची संधी त्याला मिळतच नाही. दुसऱ्याला विचारून खात्री करून घेणे, निरोप पाठवल्यावर तो चारदा वाचणे, आजाराची लक्षणे शोधत बसणे, अवघड फोन उद्यावर टाकणे, ही सगळी त्याच कुळातली मंडळी आहेत.

मी स्वतः जे केले ते असे. पाठवलेले पत्र पुन्हा उघडून पाहायचे नाही, एवढा एकच नियम महिनाभर पाळला. पहिल्या दिवशी सुमारे पंचवीस मिनिटे जीव कासावीस झाला आणि मग, मी काहीही न करता, तो आपोआप बसला. दुसऱ्या दिवशी थोडे आधी बसला. घालमेल एका उंचीपर्यंत चढते आणि तिला तिच्या गतीने उतरू दिले तर उतरते, हे मला आधी कोणी सांगितले असते तरी पटले नसते. हा उपाय नैसर्गिक आहे, बिनखर्चाचा आहे, आणि अजिबात सुखद नाही.

रफवही

तिठा, आक्षेप बव्हंशी मान्य. पण माझ्या वहीत काळजी दाबली जात नाही, तिला वेळ दिली जाते, आणि हा फरक मोठा आहे. “तुझा विचार करणार नाही” आणि “तुझा विचार साडेसहाला करीन” ही दोन वाक्ये मनाला सारखी वाटत नाहीत. दुसरे वाक्य खोटे ठरू नये म्हणून मात्र साडेसहाला खरोखर बसावे लागते.

तिठा

हा भेद मला मान्य आहे. मी तो पुरेसा स्पष्ट केला नव्हता.

सांजवेळ

चालणे. यावर फार लिहिण्यासारखे नाही, म्हणून कोणी लिहिलेले नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे, पण मनःस्थितीतला फरक कळण्यासाठी तेवढे साठण्याची वाट पाहावी लागत नाही, एका फेरीनंतरही तो जाणवतो. माझ्या दृष्टीने मोठा लाभ वेगळाच आहे. ज्याला धडधडीची भीती वाटते, त्याने चढ भराभर चढून मुद्दाम धडधड आणावी आणि ती खाली उतरताना पाहावी. हृदय जोरात चालले म्हणजे संकट आले असे नाही, हे पायांना आधी कळते आणि डोक्याला नंतर. हृदयविकार असणाऱ्यांनी अर्थातच आधी विचारून घ्यावे.

फोन घरी ठेवून चालावे, असे सांगावेसे वाटते. मला स्वतःला ते आठवड्यातून दोनदाच जमते.

पिंपळपान

धाग्याचा विषय नैसर्गिक उपायांचा आहे, तरीही वनस्पतींविषयी कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. अश्वगंधा, कॅमोमाइलचा काढा, व्हॅलेरियन यांविषयी जाणकारांनी लिहावे. गोळ्यांपेक्षा हे बरे, कारण यांचे दुष्परिणाम नसतात.

नाडी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ज्या गोष्टीचा परिणाम होतो तिचा दुष्परिणामही होऊ शकतो, मग ती मुळी असो वा गोळी.

अश्वगंधेने ताण काहीसा कमी होतो असे सांगणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. दुसऱ्या बाजूला, तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या विरळ परंतु नोंदलेल्या घटना आहेत, ती थायरॉईडच्या संप्रेरकांवर परिणाम करू शकते आणि गरोदरपणी टाळावी असे सांगितले जाते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. कॅमोमाइलवर २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी आठ आठवड्यांचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात माफक लाभ दिसला. काढा आवडत असेल तर जरूर घ्यावा, त्या कुळातल्या फुलांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र जपावे. व्हॅलेरियनबाबत निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. सर्वांत जपायचे ते सेंट जॉन्स वर्टला. ते नैराश्यावर वापरले जाते आणि लोक चिंतेवरही घेतात. ते यकृतातील विकरांना चेतवून गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे निष्प्रभ करू शकते, तर काही नैराश्यविरोधी गोळ्यांबरोबर घेतल्यास धोकादायक ठरू शकते. आपण काय घेता हे डॉक्टरांना सांगा, एवढेच माझे म्हणणे आहे. पुष्कळ रुग्ण “ते काही औषध नव्हे” म्हणून सांगतच नाहीत.

मद्याचा उल्लेखही करते, कारण तो सर्वांत जुना घरगुती उपाय आहे आणि सर्वांत वाईट. पहिल्या तासात सैलावल्यासारखे वाटते, पण असर उतरताना मेंदू उलट्या दिशेने ताणला जातो. पहाटे तीन-चारला धडधडत जाग येणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत कारण आदल्या रात्रीच्या पेल्यात असते.

आणखी एक. चिंता समजून ज्याच्यावर महिनोन्‌महिने उपाय केले जातात, ते कधी कधी दुसरेच काही असते. थायरॉईडचे कार्य वाढलेले असले तर धडधड, घाम, थरथर आणि वजन घटणे हे सर्व होते. रक्तक्षयातही धाप लागते, हृदय धावते. दम्यावरील काही औषधांनीही हात थरथरतात. म्हणून आडवाट यांनी आधी तपासून घेतले हे फार चांगले केले. काळजी बहुतेक दिवस आणि कित्येक महिने पाठ सोडत नसेल, माणूस कामे आणि भेटीगाठी टाळू लागला असेल, अचानक मृत्यूच्या भीतीचे झटके येत असतील, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर या धाग्यावरील उपायांच्या भरवशावर थांबू नये. शेवटच्या बाबतीत तर त्याच दिवशी मदत घ्यावी. २०१९ मध्ये जगभरात चिंताविकार असलेल्यांची संख्या ३० कोटींहून अधिक होती, म्हणजे यात आपण एकटे किंवा विक्षिप्त आहोत असे मानण्याचे काही कारण नाही.

पिंपळपान

सविस्तर उत्तराबद्दल आभार. “दुष्परिणाम नसतात” हे माझे विधान मागे घेतो. ध्यानाविषयीही दोन शब्द लिहाल का?

नाडी

थोडक्यात लिहिते. २०२२ मध्ये चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमीची गोळी दिली आणि निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग. दोहोंचा परिणाम जवळजवळ सारखा निघाला. परंतु तो वर्ग म्हणजे दर आठवड्याला अडीच तासांचे सत्र, घरी रोज सुमारे पाऊण तास सराव आणि एक पूर्ण दिवस मौनाचा होता. फोनवरील तीन मिनिटांच्या ध्वनिफितीने तेच साधेल असा अर्थ त्यातून काढू नये. आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून ती स्वतःहून बंद करू नये.

ओलावा

श्वासाने फसलेल्या मला जे लागू पडले ते सांगायचे राहून गेले होते. एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात स्नायू शिथिल करण्याची पद्धत विकसित केली. मूळ पद्धत फार लांबलचक होती, पुढे ती आटोपशीर केली गेली. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक स्नायुगट पाच-सात सेकंद आवळायचा आणि मग एकदम सोडून वीस-तीस सेकंद तसाच राहू द्यायचा. आवळल्याशिवाय सैल म्हणजे काय हे शरीराला कळत नाही, ही त्यातली युक्ती आहे. आडवाट, तुमच्या जबड्यासाठी दात न आवळता कपाळ, डोळे आणि खांदे घ्या. खांदे कानांपर्यंत नेऊन सोडले की जबडा बहुधा आपोआप सुटतो. दात एकमेकांना टेकलेले नसावेत, ओठ मिटलेले असावेत, जीभ टाळूला अलगद लागलेली असावी. हे मला माझ्या दंतवैद्यांनी सांगितले होते.

आडवाट

सहा आठवड्यांनी परत येत आहे. सर्वांचे मनापासून आभार.

सगळे एकदम सुरू केले आणि चौथ्या दिवशी सगळे एकदम बंद पडले, हे अपेक्षितच होते. त्यानंतर तीनच गोष्टी ठेवल्या. दुपारनंतर कॉफी नाही. ओलावा यांचे खांदे, दिवसातून जितक्यांदा आठवेल तितक्यांदा. संगणकाच्या कडेला एक पिवळा ठिपका चिकटवला आहे, तो दिसला की दात सोडायचे. आणि रफवही यांची वही. श्वास मला आवडतो, पण तो नियमाने होत नाही. फोन वाजल्यावर एखादा सुस्कारा टाकतो, तेवढाच.

कुलपाचे सांगतो. तिठा यांचा प्रतिसाद वाचून आधी थोडा राग आला होता. कुलूप एकदाच लावायचे आणि लावताना मोठ्याने “लावले” म्हणायचे, असे ठरवले. पहिल्या रात्री पाऊण तास जागा होतो आणि दोनदा पाय जमिनीवर ठेवून पुन्हा वर घेतले. आता “लावले” म्हणण्याचीच सवय लागेल की काय, अशी शंका आल्यामुळे मागच्या आठवड्यापासून तेही बंद केले आहे. अधूनमधून अजून उठतो.

गेल्या गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा तोच निरोप आला: “जरा बोलायचे होते.” पोटात गोळा आलाच. चिठ्ठीवर ते तीन शब्द लिहून खिशात टाकले आणि हातातले काम पुढे चालू ठेवले, म्हणजे निदान ठेवण्याचा प्रयत्न केला. चारला बोलणे झाले. रजेच्या तारखा विचारायच्या होत्या. संध्याकाळी चिठ्ठी उघडली तेव्हा डाव्या रकान्यात काय लिहावे ते सुचले नाही, म्हणून ती तशीच पानाला चिकटवून ठेवली.

डॉक्टरांनी प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. या वेळी ५ आले. दाढा काही परत उगवणार नाहीत, त्यांवर रात्री बसवायचे आवरण करून घेतले आहे.

रफवही, एक शंका आहे. एखाद्या दिवशी साडेसहाची वेळ चुकली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसता का?

रफवही

नाही, तेवढीच वीस मिनिटे. आदल्या दिवशीची काळजी अजून जिवंत असेल, तर ती स्वतःहूनच पहिल्या ओळीत येऊन बसते. आणि आपली खुर्ची फार आरामशीर नाही ना, हे एकदा पाहून घ्या.